मामा घोरतात, शेत जागं असतं

पौषातली रात्र, साडेबाराचा सुमार. सांगोल्याच्या बाजूला मामांच्या डाळिंबाच्या बागेत, चार लोखंडी पाइपांवर फळ्या टाकून केलेल्या मचाणावर मी गोधडीत गुरफटून टक्क जागा होतो. राखणीला म्हणून जे आले होते ते मामा मात्र शेजारी खुशाल घोरत होते. बाग तोडणीला आलेली. आठवड्याभरात व्यापाऱ्याची गाडी बांधाला लागणार होती, म्हणजे वर्षाची सगळी कमाई त्या रात्री झाडांना लोंबत होती. पलीकडच्या वस्तीवर पंधरा दिवसांपूर्वीच विहिरीवरची केबल कापून नेलेली. अशा वेळी राखणदारानं घोरावं?

सकाळी चहा पिताना मी हे बोलून दाखवलं. मामा बशीतला चहा फुंकत म्हणाले, “आरं, मी कुठं राखतोय? शेतच राखतंय की.”

मला ती थट्टा वाटली. पण पुढं चार दिवस तिथंच मुक्काम होता आणि हाताला काम नव्हतं. मग दोन एकर डाळिंब आणि अर्धा एकर शाळू एवढा तुकडा स्वतःला कसा राखतो, ते बघत बसलो. बघता बघता शाळेत शिकलेलं विज्ञान, आजीनं सांगितलेल्या गोष्टी आणि गावचा इतिहास, सगळं त्या अडीच एकरांत येऊन बसलं.

सुरुवात त्या रात्रीच्या आवाजापासून करतो. झोप लागत नव्हती तेव्हा मचाणाखालून ‘टक्’ असा बारीक आवाज यायचा. मग सेकंदभर शांतता. पुन्हा ‘टक्’. घड्याळाहून सावकाश, छातीच्या ठोक्याच्या जवळपास. ते होतं झटका मशीन. खांबाला अडकवलेला प्लॅस्टिकचा डबा, वर वहीच्या दोन पानांएवढं सौर पॅनेल, खाली बारा व्होल्टची बॅटरी, आणि डब्यातून निघून बागेला वेढा घालून आलेल्या चार तारा.

बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे मोटारसायकलला असते तसली. तिनं रानडुक्कर कसं परतवायचं? युक्ती साधी आहे. नळाला करंगळीएवढी धार असली की आपण आधी बादली भरून घेतो आणि मग एकदम ओततो. झटका मशीन तेच करतं. बॅटरीतून येणारी बारीक वीज सेकंदभर एका कपॅसिटरमध्ये साठते. मग ती सगळी एका दमात ट्रान्सफॉर्मरमधून सोडली जाते आणि तारेवर आठ-दहा हजार व्होल्टचा फटकारा धावतो. हा फटकारा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. टक्, आणि संपलं. लगेच पुढची बादली भरायला सुरुवात.

आता खरी गंमत. विजेला जायला जितकी वाट लागते तितकीच परत यायलाही लागते. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिच्यापाशी परतीची वाट नाही. डुकरानं मात्र ओलं नाक तारेला लावलं की वीज नाकातून अंगात, अंगातून खुरांत, खुरांतून मातीत उतरते, आणि मातीतून चालत मशीनशेजारी ठोकलेल्या सळईपर्यंत येऊन डब्यात परत शिरते. म्हणजे कुंपणाचा निम्मा भाग डोळ्यांना दिसतच नाही. एक तार हवेत ताणलेली असते आणि दुसरी तार म्हणजे पायाखालचं सगळं शेत. म्हणून उन्हाळ्यात जमीन वाळून खडखडीत झाली की झटका लुळा पडतो, आणि मामा बागेच्या आधी त्या सळईच्या बुडात घागरभर पाणी ओततात.

दहा हजार व्होल्ट म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. घरातली वीज तर २३० व्होल्टचीच असते आणि ती माणूस मारते. मग ही का मारत नाही? फरक आहे तो धरून ठेवण्याचा. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला पन्नास फेऱ्यांनी सतत उलटसुलट होत राहते. ती अंगातून जायला लागली की हाताचे स्नायू आखडतात, मूठ तारेवरच आवळली जाते, सुटता येत नाही, आणि तेवढ्या वेळात हृदयाची लय बिघडते. झटका मशीनचा फटकारा हृदयाला कळायच्या आत संपलेला असतो, आणि मागे सरकायला पुढं जवळजवळ एक सेकंद मोकळा मिळतो. या यंत्रांसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक सांगतो की एका फटकाऱ्यात पाच ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असता कामा नये. पाच ज्यूल म्हणजे किती? लिटरभर पाण्याची बाटली गुडघ्याच्या उंचीवरून पायावर पडली तर बसतो तेवढा दणका. दुखतं, पण मोडत नाही. फक्त तो सगळा दणका एका टोचणीएवढ्या जागेत आणि क्षणात बसतो, म्हणून प्राणी तो विसरत नाही.

या यंत्राच्या जन्माची गोष्टही झकास आहे. १९३० च्या दशकात न्यूझीलंडच्या वायकाटो भागात बिल गॅलाघर नावाचा एक शेतकरी होता. त्याचा जो नावाचा घोडा मोटारगाडीला अंग घासायचा. गॅलाघरनं अशी जोडणी केली की घोड्यानं गाडी हलवली की त्यालाच विजेचा चटका बसावा. घोडा घासायचा थांबला, आणि त्या खोडीतून पुढं गॅलाघरचा विजेच्या कुंपणांचा जगभरचा धंदा उभा राहिला.

या गोष्टीतलं मर्म मला मामांच्या एका वाक्यानं कळलं. ढगाळ दिवसांत बॅटरी उतरली की तारेत काही नसतं, तेव्हा काय करता, असं मी विचारलं. “काही नाही,” ते म्हणाले, “एकदा झटका खाल्लेलं डुक्कर चार दिवस तार बघूनच माघारी जातं.” चार बारीक तारांनी क्विंटलभर वजनाच्या जनावराला अडवणं शक्यच नाही. त्यानं धडक मारली तर खांबासकट सगळं आडवं होईल. त्याला तार अडवत नाही, त्याची स्वतःची आठवण अडवते. कुंपण शेताभोवती दिसतं, पण ते असतं डुकराच्या डोक्यात.

म्हणूनच, थेट आकडा टाकून कुंपणात घरची वीज सोडण्याचा जो प्रकार अधूनमधून पेपरात वाचायला मिळतो तो क्रूर तर आहेच, बेअक्कलही आहे. रात्री दारं धरायला निघालेला शेजारी, वासरामागं धावलेलं पोर, कधी शेताचा मालक स्वतःच त्या तारेला चिकटतो. कायदा त्याला अपघात म्हणत नाही. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, वन्यप्राणी मेला तर वेगळा गुन्हा. आणि राखणीच्या हिशेबानं बघितलं तरी मेलेलं जनावर काही शिकत नाही. पुढच्या रात्री दुसरं येतं.

दुसऱ्या दिवशी माझं लक्ष शाळवातल्या बुजगावण्याकडे गेलं. मामांचाच फाटका सदरा, डोक्याला काळं मडकं. या शब्दात ‘बुजणं’ आहे. बैल बुजतो, घोडं बुजतं, म्हणजे अनोळखी काही दिसलं की दचकून बाजूला होतं. बुजगावण्याचं सगळं सामर्थ्य त्या ‘अनोळखी’त आहे, आणि म्हणूनच ते अल्पायुषी असतं. पहिल्या दिवशी पाखरं लांबून वळतात. तिसऱ्या दिवशी बांधावर बसून बघतात. आठवड्यानं त्याच्याच खांद्यावर बसून कणसाकडे बघतात. प्राणिशास्त्रात या सरावण्याचा मोठा अभ्यास झालेला आहे. ज्या भीतीमागं काही घडत नाही ती भीती मेंदू हळूहळू पुसून टाकतो, कारण प्रत्येक फडफडीला घाबरत बसलेलं पाखरू उपाशी मरेल. म्हणजे पाखराचं धाडस हा त्याचा निव्वळ हिशेब असतो.

मग शेतकऱ्याचा हिशेब काय? बदलत राहणं. मामींनी दर दोन-तीन दिवसांनी बुजगावण्याची जागा बदलायची, कधी सदरा काढून लाल ओढणी घालायची. वाऱ्यावर गुणगुणणारी जुन्या कॅसेटची फीत ताणायची, ती निवली की चमचमत्या पट्ट्या. बांधाच्या कडेनं मी जे रंगीत कापड बघून लग्नाचा मांडव समजलो होतो, त्या होत्या किलोवर विकत आणलेल्या जुन्या साड्या. एकीला एक गाठून शेताभोवती उभ्या केलेल्या. डुकराची नजर बेताची, नाक भलतंच तिखट. साडीपलीकडं काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि नव्यानं बांधलेल्या साडीला माणसाचा वास येतो. काही जण सलूनमधून केसांची पोती आणून बांधावर पसरतात, त्यामागंही तोच विचार. पावसात दोनदा भिजून साडी आणि केस दोन्ही निर्वास झाले की डुक्कर सरावतं, आणि पुन्हा नवं काही शोधावं लागतं.

शाळवावरच्या पाखरांसाठी मामा अजून गोफण ठेवतात. मी हातात घेतली ती सुताची, मध्ये दगड ठेवायला विणलेलं पान, एका दोरीला बोटात अडकवायचं कडं, आणि दुसऱ्या दोरीचं टोक पिंजारलेलं. सरावाच्या हातानं सुटलेला गोटा ताशी शंभर किलोमीटरच्याही वर जातो, कारण दोरीनं हाताची लांबी दुप्पट-तिप्पट केलेली असते. पण मामा बहुतेक वेळा गोटा घालतच नव्हते. रिकामी गोफण गरगर फिरवून असा काही झटका द्यायचे की बंदुकीसारखा फाडकन आवाज व्हायचा आणि शंभर चिमण्या एकदम उठायच्या.

हा आवाज कशाचा, ते कळल्यावर मी गोफणीकडे नव्यानं बघायला लागलो. आसुडाच्या दोरीतून लाट धावते तेव्हा जाड भागातली ऊर्जा पुढच्या बारीक, हलक्या भागात जाते, आणि भाग जितका हलका तितका त्याचा वेग वाढतो. अगदी शेवटचं टोक ताशी बाराशे किलोमीटर ओलांडतं, म्हणजे आवाजापेक्षा वेगानं जातं, आणि हवेत एक चिमुकला ध्वनिस्फोट होतो. लढाऊ विमान डोक्यावरून गेल्यावर खिडक्या थरथरतात तोच प्रकार. गोफणीचं पिंजारलेलं टोक असंच वाजतं. माणसानं आवाजाची भिंत विमानातून ओलांडली ती १९४७ मध्ये. आसूड आणि गोफण फिरवणारे त्याच्या किती तरी आधीपासून ती रोज ओलांडत होते.

ही मचाणंही अशीच जुनी. हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि तिच्यात भाताची राखण करणाऱ्या पोरी भेटतात. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, उसाच्या सावलीत बसून भात राखणाऱ्या बायका रघुराजाची कीर्ती गातात. आणि सिंहासनबत्तिशीची सुरुवात तर मचाणावरच होते. एक ब्राह्मण शेत राखायला मचाणावर चढला की भोजराजाच्या सैनिकांना ‘या, हवं तेवढं खा’ म्हणून बोलावतो. खाली उतरला की ‘माझं शेत लुटलं’ म्हणून बोंबलतो. भोजाला नवल वाटतं, तो जमीन खणवतो, आणि मचाणाखाली विक्रमादित्याचं सिंहासन निघतं. लहानपणी ही गोष्ट मला सिंहासनाची वाटायची. मामांच्या फळ्यांवर बसल्यावर ती मचाणाची वाटली. उंचावरून शेत सगळंच दिसतं, आणि आपणही सगळ्यांना दिसतो. राखण करणाऱ्यानं नुसतं बघून भागत नाही, तो दिसावाही लागतो.

पण कुंपणच भक्कम केलं तर? एकदा घालावं आणि निजावं. कोकणात जांभ्या दगडाचा गडगा रचतात, कुठं काटेरी फांद्यांची वई घालतात, कुठं शेर, घायपात, करवंद, सागरगोटा यांची जिवंत भिंत करतात. शेराची फांदी मोडली की निघणारा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळा सुजतो, म्हणून त्याला शेळीही तोंड लावत नाही. फड्या निवडुंग तर अमेरिकेतून आलेला पाहुणा. कुंपणाला लावला आणि कुंपण सोडून माळरानं खात सुटला. शेवटी त्याच्यावर जगणारे कोचिनील किडे सोडून त्याला आवरावं लागलं. कुंपणच शेत खातं ही म्हण त्यानं शब्दशः खरी केली.

भक्कम कुंपणाची परीक्षा या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली आहे. मिठावरचा कर चुकवून माल जाऊ नये म्हणून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात सिंधू नदीपासून ओडिशातल्या महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली. १८७० च्या आसपास तिची लांबी सुमारे ३,७०० किलोमीटर होती. खाली ती आपल्या खानदेशाशेजारच्या बुऱ्हाणपुरापर्यंत आलेली. त्यातल्या शेकडो मैलांवर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचं पुरुष-दीड पुरुष उंचीचं जिवंत कुंपण वाढवलं होतं. या कामात ज्यानं विशेष लक्ष घातलं तो अधिकारी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढं १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा. आणि एवढं काटेरी कुंपण असूनही रेषेवर जवळजवळ बारा हजार माणसं पहाऱ्याला ठेवावी लागत. कुंपण चोराला थांबवत नाही, त्याला वेळ लावतं. तेवढ्या वेळात कुणी बघणारं असेल तरच त्या वेळेला किंमत. १८७९ मध्ये ही रेषा मोडीत निघाली आणि बघता बघता कुंपण मातीला मिळालं.

डुकराचं, पाखराचं झालं. माणसाचं काय? माणूस साडीला फसत नाही आणि झटक्याची तार काठीनं दाबून ओलांडतो. तो येतो ते हिशेब करूनच. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला तेव्हा एरवी गुरांपुढं टाकायच्या पिकाला रातोरात राखण बसली. चंदन असेल तर चोर आधी खोडाला भोक पाडून गाभा तयार झालाय का ते बघतो. आणि केबल? तिच्यातलं तांबं. मोटारीवर नाव कोरता येतं, शेळीला तिच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखता येतं. पण वरचं वेष्टन जाळून टाकलं आणि १,०८५ अंशांवर वितळवलं की तांब्याला मालक उरत नाही. म्हणून मामांनी केबल जमिनीखालून पाइपातून नेली आहे, आणि जिथं ती उघडी आहे तिथं ॲल्युमिनियमची घातली आहे. तिला भंगारात फारसा भाव नाही. कुलपापेक्षा हा इलाज पुढचा. चोराचा हिशेबच आतबट्ट्याचा करायचा.

गावानं एके काळी या हिशेबाला फार हुशारीनं उत्तर दिलं होतं. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात मराठी मुलखातल्या गावच्या पहाऱ्याची पद्धत नोंदली आहे. पाटलाच्या हाताखाली जागल्या असे. अनेक गावांत हे काम रामोशी समाजाकडे होतं. रात्री गस्त घालायची, आलागेला ओळखायचा. चोरी झालीच तर पहाटे ठसे शोधून माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेवर पोचला की तिथल्या जागल्याला बोलावून तो त्याच्या हवाली करायचा, आणि मग जबाबदारी त्या गावाची. माग मध्येच हरवला तर ज्याच्या हद्दीत हरवला त्यानं चोरीची भरपाई द्यायची, त्याला झेपली नाही तर उरलेली गावानं. आजच्या भाषेत पोलीस आणि विमा एकाच माणसात. त्यामुळं आपल्या गावातून चोराचा माग जाऊ नये यात सगळ्यांचंच हित गुंतलेलं. आपण आज मागोवा घेतो, मागमूस लागत नाही म्हणतो, कुणाच्या तरी मागावर असतो, ते हे पायांचे ठसे. ज्यांनी ही विद्या जपली त्यांच्यातल्याच अनेकांवर पुढं, १८७१ पासून आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी चोराचा शिक्का मारला.

कोकणात आणि गोव्यात तर हा पहारा माणसाच्याही वर गेला. तिथं शेताला, बागेला, वाडीला राखणदार असतो, कुठं त्याला देवचार म्हणतात. वर्षाला त्याला रोट, विडी, दारू असा मान द्यायचा. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. श्रद्धा अशी की वेतोबा रात्रभर गावाची गस्त घालतो आणि त्यानं त्या वहाणा झिजतात. मी तिथं गेलो होतो तेव्हा त्या वहाणांचे तळवे निरखत बराच वेळ उभा राहिलो होतो. मानायचं ते माना, पण ज्या गावाला देवसुद्धा चालून चालून वहाणा झिजवणारा हवा, त्या गावाला राखणीतलं मर्म कळलेलं होतं.

मामांच्या भाच्यानं, म्हणजे मीच, गेल्या वर्षी त्यांना सिमकार्डवर चालणारा सौर कॅमेरा आणून दिला आहे. त्याचंही एक मर्म आहे. अंधारात तो जागा होतो तो उजेडानं नाही, उबेनं. आपलं अंग सतत न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडत असतं. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉटच्या बल्बइतकी ऊर्जा खर्चतो, आणि त्यातली बरीचशी अशी उत्सर्जित होते. कॅमेऱ्याच्या पुढच्या खवलेदार भिंगानं समोरच्या जागेच्या उभ्या पट्ट्या पाडलेल्या असतात. ऊब एका पट्टीतून दुसरीत सरकली की तो जागा होतो आणि मामांच्या फोनवर चित्र येतं. पौषात तो दहा पावलांवरचं मांजरही टिपतो. चैत्र-वैशाखात जमीन, हवा आणि माणूस तिघंही सारख्याच उबेचे झाले की मात्र गोंधळतो. चोराला हे माहीत नसतं, हे आपलं नशीब.

आता चौथ्या रात्रीबद्दल सांगतो.

मी पुन्हा मचाणावर, मामा पुन्हा घोरतायत. एक वाजता थ्री फेजची लाइन आली, ऑटो स्टार्टरनं विहिरीवरची मोटार घुर्रकन सुरू झाली. मामा घोरतायत. लांबून कुणाची तरी मोटारसायकल गेली. काळ्या कुत्रा ओढ्याकडे तोंड करून भुंकला. त्याला आपल्या दुपटीहून उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, तेव्हा त्याला काय ऐकू आलं कोण जाणे. मामांनी कूस बदलली आणि घोरणं पुन्हा लागलं.

मग ओढ्याच्या पलीकडून टिटवी ओरडली. एकदाच नाही. टिटिव-टिट्, टिटिव-टिट्, असा जीव खाऊन गिल्ला.

घोरणं कापल्यासारखं थांबलं. मामा उठून बसलेले.

टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांसारखी दिसणारी चार अंडी घालते. तिला झाड नाही, ढोली नाही. तिचं कुंपण म्हणजे तिचा आवाज. कुणी पायी तिच्याकडे यायला लागलं की दिवस असो वा रात्र, ती आकाश डोक्यावर घेते. अंडी नसतील त्या दिवसांतही ही खोड जात नाही. रात्री टिटवी ओरडणं अशुभ, असं आजी म्हणायची. आता वाटतं, त्या समजुतीचं मूळ पार व्यवहारातलं असेल. टिटवी रात्री ओरडते तेव्हा अंधारात कुणीतरी चालत असतं.

आणि मामा? झोपेतही मेंदू कान मिटत नाही, तो फक्त निवड करतो. झोपलेल्या माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की इतर नावांनी हलत नाही तो मेंदू स्वतःच्या नावाला मात्र प्रतिसाद देतो. गाडीच्या खडखडाटात निजलेली आई बाळाच्या चुळबुळीनं उठते. मोटार, गाडी, कुत्र्याचं रोजचं भुंकणं यांना मामांचा मेंदू सरावलेला होता, जशी पाखरं बुजगावण्याला सरावतात तसा. तीच सवय पाखराला धीट करते आणि मामांना सावध. रोजचं सगळं वजा केल्यावर जे उरतं तेवढ्यालाच ते जागे होतात. पहिल्या रात्री मी डोळे ताणून जागा होतो. पण मला सगळेच आवाज सारखे नवे होते, म्हणून त्यांतला एकही कळला नव्हता.

मामांनी बॅटरी लावली, झोत ओढ्याकडे फिरवला आणि पोटातून कुकारा घातला, “होऽऽऽ!”

अंधार क्षणभर तसाच राहिला. मग उत्तरेकडच्या वस्तीवरून, अर्धा मैल तरी लांबून, उत्तर आलं, “होऽऽऽ!” त्याच्याही पलीकडून तिसरं आलं, फार बारीक. एकेका मचाणावर एकेक झोत लागला आणि विझला. हल्ली काही गावांत एका टोल-फ्री नंबरावर बोललं की सगळ्या गावाच्या फोनवर तो आवाज एकदम वाजतो. ती सोय चांगलीच आहे. पण मी ऐकलं ते तिचं मूळ होतं. मामा आडवे झाले आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. त्या रात्री मलाही झोप लागली.

उजाडल्यावर आम्ही ओढ्यात उतरलो. वाळूत चपलांचे ठसे होते. पलीकडून बांधापर्यंत आलेले, तिथं दोन पावलं घुटमळलेले, आणि मागं फिरलेले. चोर होता, की दारं मोडायला निघालेला आणि वाट चुकलेला कुणी शेजारी, काय सांगावं. मामा बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. उजव्या टाचेला चपलेचा तुकडा निघालेला होता, तो त्यांनी मला दाखवला. मग खोपटातून घमेलं आणलं, सगळ्यात स्पष्ट उमटलेल्या ठशावर अलगद पालथं घातलं, वर एक दगड ठेवला, आणि म्हणाले, “चल, चहा घेऊ. मग जरा वस्तीवरच्या समद्यांच्या चपला बघून येऊ.”